पारख आणि पदवी

पहिल्या चार्ल्स राजाचा १६४९ च्या जानेवारीत शिरच्छेद झाला आणि काही महिन्यांतच पार्लमेंटने त्याची मालमत्ता विकायला काढली. विक्रीसाठी राजवाड्याराजवाड्यांतून फिरून कारकुनांनी प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिली. त्या याद्या आज वाचायला घेतल्या की माणूस चक्रावतो. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात अब्राहमाच्या कथेचे दहा टॅपेस्ट्री-पट होते, रेशमाने आणि सोन्या-चांदीच्या जरीने विणलेले. त्यांची किंमत ८,२६० पौंड. मांतेन्याने रंगवलेली सीझरच्या विजययात्रेची नऊ भव्य चित्रे होती. त्या नवांचे मिळून १,००० पौंड. राफाएलने पोपच्या टॅपेस्ट्र्यांसाठी केलेली आराखडा-चित्रे, ज्यांना आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात स्वतंत्र दालन आहे, ती ३०० पौंडांत बसवली होती. म्हणजे पैशाच्या हिशेबाने चित्र ही राजवाड्यातली दुय्यम चीज. जर महाग, रंग स्वस्त. असे असताना सतराव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत इंग्लंडमधल्या मूठभर उमरावांनी या स्वस्त मालासाठी व्हेनिसपासून स्मर्नापर्यंत माणसे पाठवली, वकिलातींना कामाला जुंपले, कर्जे काढली, एकमेकांचे सौदे मोडले. १६०० च्या सुमारास हा देश चित्रकलेच्या नकाशावर अगदी कडेला होता. १६२९ मध्ये रुबेन्स मुत्सद्दी म्हणून लंडनला आला तेव्हा तिथले संग्रह पाहून तोही थक्क झाला. हे कसे आणि कशासाठी घडले, हा या ग्रंथाचा विषय आहे, आणि त्याचे एक उत्तर या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

नेहमीचे उत्तर असे दिले जाते की इटलीतल्या प्रबोधनाचे वारे इंग्लंडला उशिरा लागले आणि शांततेच्या काळात लोक प्रवास करू लागले, तसा रसिकतेचा प्रसार झाला. यात खोटे काही नाही. १६०४ मध्ये स्पेनशी तह झाल्यावर युरोपचे रस्ते मोकळे झाले हे खरेच. पण या उत्तरातून ‘केव्हा’ ते कळते, ‘कोण’ ते कळत नाही. इटलीला शेकडो इंग्रज जाऊन आले. संग्रह केला तो फार थोड्यांनी, आणि त्या थोड्यांकडे नीट पाहिले तर त्यांच्यात एक साम्य दिसते. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाची सरदारकी कुठे ना कुठे उसवलेली होती. कोणाचे घराणे राजद्रोहाच्या आरोपाखाली भरडलेले, कोणी राजाच्या मर्जीने रातोरात वर चढलेला, कोणी स्कॉटलंडहून येऊन लंडनच्या दरबारात जागा शोधणारा. आणि नेमक्या याच काळात इंग्लंडमध्ये पदवी ही विकाऊ वस्तू झाली होती. एलिझाबेथ राणी पदव्यांच्या बाबतीत कमालीची चिक्कू. १६०३ मध्ये ती वारली तेव्हा देशात लॉर्ड म्हणवणारे पंचावन्नच्या आसपास होते. तिच्यामागून आलेल्या जेम्सने पहिल्या चार महिन्यांत नऊशेच्या वर लोकांना नाइट करून टाकले. १६११ मध्ये त्याने बॅरोनेट ही नवीनच वंशपरंपरागत पदवी काढली आणि तिचा भाव १,०९५ पौंड ठरवला. अल्स्टरमधल्या तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार, असा त्यामागचा हिशेब. १६१६ मध्ये सर जॉन रोपरने १०,००० पौंड मोजले आणि तो बॅरन टेनम झाला. १६२८ पर्यंत सरदारांची संख्या दुपटीच्याही पुढे गेली होती. जुन्या घराण्यांना आणि नव्यांनाही आता अशा एखाद्या खुणेची गरज होती, जी राजाच्या खजिनदाराकडे पैसे भरून मिळणार नाही. माझे म्हणणे असे की ती खूण म्हणजे पारख: कोणते चित्र कोणाच्या हातचे, कोणता पुतळा कोणाचा, हे पाहताक्षणी सांगता येणे. चित्र विकत मिळे. ते ओळखणारी नजर विकत मिळत नाही, असे मानले जाई. संग्रह हा त्या नजरेचा पुरावा होता.

हा बदल किती मोठा होता हे कळायला आधीच्या पिढीकडे पाहावे लागते. लॉर्ड लम्ली हा एलिझाबेथच्या काळातला मोठा संग्राहक. १५९० मध्ये त्याच्या चीजवस्तूंची केलेली यादी आजही उपलब्ध आहे आणि तिच्यात चित्रे भरपूर आहेत, पण ती बहुतेक सगळी माणसांची: पूर्वज, राजे, समकालीन थोर पुरुष. चित्रकाराचे नाव आले तर आले. लम्लीला खरा रस वंशावळीत. चेस्टर-ली-स्ट्रीटच्या चर्चमध्ये त्याने आपल्या चौदा पूर्वजांच्या दगडी मूर्ती ओळीने निजवल्या, आणि त्यांतल्या काही कुठून कुठून गोळा करून पूर्वज म्हणून खपवल्या. त्याचे वंशपुराण ऐकून कंटाळलेल्या जेम्स राजाने, आदमचे आडनाव लम्ली होते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असा टोला मारल्याचे सांगतात. दुसरे उदाहरण हार्डविकच्या बेसचे, म्हणजे श्रूझबरीच्या काउंटेस एलिझाबेथ टॅलबटचे. १५९२ मध्ये तिने सर ख्रिस्तोफर हॅटनच्या वारसाकडून गिडियनच्या कथेचे तेरा टॅपेस्ट्री-पट ३२६ पौंडांना घेतले. पटांवर हॅटनचे कुलचिन्ह विणलेले होते. ते झाकून आपले चिन्ह घालायचा खर्च येणार म्हणून बाईने किमतीत ५ पौंडांची सूट मागितली आणि मिळवली. हा व्यवहार मला फार बोलका वाटतो. वस्तू कोणाच्या हातची याला इथे किंमत नाही. वस्तूवर कोणाचे चिन्ह आहे याला आहे. चिन्ह बदलले की वस्तू तुमची. पुढे तिशियनच्या चित्रावर कुलचिन्ह रंगवून ते आपले करण्याची कल्पना कोणाला शिवलीही नसती, आणि हे स्थित्यंतर एकाच कुटुंबात दोन पिढ्यांत घडले. कारण लम्लीच्या मेव्हणीचा नातू आणि बेसचा नातजावई एकच होता: टॉमस हॉवर्ड, अरंडेलचा चौदावा अर्ल.

या ग्रंथाचा नायक कोणी असेल तर तो हाच. त्याच्या पणज्याचा बाप नॉरफोकचा ड्यूक होता, पणजोबा कवी सरे. सरेचा १५४७ मध्ये शिरच्छेद झाला. आजोबा, नॉरफोकचा चौथा ड्यूक, १५७२ मध्ये राजद्रोहासाठी मारला गेला. बाप कॅथलिक धर्म सोडत नाही म्हणून टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात दहा वर्षे राहून १५९५ मध्ये तिथेच वारला. टॉमस दहा वर्षांचा होता; वाट्याला ना पदवी, ना जमीन. जेम्सने १६०४ मध्ये त्याला अर्ल केले, पण नॉरफोकचे ड्यूकपद शेवटपर्यंत परत मिळाले नाही आणि गेलेल्या इस्टेटींपैकीही बरेच काही गेलेलेच राहिले. १६०६ मध्ये अलेथिया टॅलबटशी लग्न झाले तेव्हा घरात पैसा आला. देशातले सर्वांत जुने रक्त आणि सर्वांत जास्त डागाळलेले रक्त, दोन्ही त्याचेच. १६२१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हे अगदी उघड्यावर आले. मेंढ्यांच्या लोकरीवर श्रीमंत झालेला लॉर्ड स्पेन्सर पूर्वजांच्या कर्तृत्वाबद्दल बोलत होता. अरंडेलने त्याला हिणवले की त्या काळी तुझे पूर्वज मेंढ्या राखत होते. स्पेन्सरने तिथल्या तिथे सुनावले: माझे मेंढ्या राखत होते तेव्हा तुझे राजद्रोह शिजवत होते. माफी मागायला नकार दिल्याबद्दल अरंडेलची रवानगी टॉवरमध्ये झाली. योगायोग असा की त्याच वर्षी तो अर्ल मार्शल झाला, म्हणजे कोण कुलीन आणि कोणाला कोणते कुलचिन्ह लावायचा अधिकार, याचा निवाडा करणारा अधिकारी. वंशाच्या दाव्यात किती दम असतो आणि तो किती सहज उलटतो, हे त्याच्याइतके नीट दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

१६१३ मध्ये तो पत्नीसह इटलीला गेला आणि बरोबर इनिगो जोन्स या वास्तुकाराला घेतले. १६१४ मध्ये रोममध्ये परवानगी काढून त्याने उत्खनन केले. परतल्यावर स्ट्रँडवरच्या अरंडेल हाउसमध्ये पुतळ्यांचे आणि चित्रांचे दालन उभे राहिले. १६१८ च्या सुमारास डॅनियल मायटेन्सने नवराबायकोची जोडचित्रे रंगवली. अर्ल काळ्या साध्या कपड्यात बसला आहे आणि हातातल्या दंडाने मागचे दालन दाखवतो आहे. दालनात दुतर्फा प्राचीन संगमरवरी पुतळे. काउंटेसच्या मागे चित्रांचे दालन. एलिझाबेथकालीन व्यक्तिचित्रांशी ताडून पाहा: मोती, जर, कोपऱ्यात कुलचिन्ह. अर्ल दाखवतो आहे ते त्याचे पूर्वज नव्हेत. लम्लीच्या दगडी बापजाद्यांच्या जागी परक्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची रांग आली आहे. त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप करता येत नाही, आणि मेंढपाळाच्या नातवाला ते ओळखता येत नाहीत. हे शेवटचे वाक्य अतिशयोक्त वाटेल, पण याच वर्तुळातला हेन्री पीचम जवळजवळ हेच लिहितो. कुलीन तरुणांसाठीचे त्याचे ‘द कंप्लीट जेंटलमन’ हे पुस्तक १६२२ मध्ये अरंडेलच्या धाकट्या मुलाला अर्पण केलेले आहे. १६३४ च्या आवृत्तीत त्याने पुरातन वस्तूंवर नवे प्रकरण घातले आणि त्यात बजावले की सभ्य माणसाने पुतळ्यांकडे अडाण्याच्या डोळ्यांनी पाहून भागत नाही. कोण कोणाचा हे त्याला वेगळे करता आले पाहिजे. दालनात शिरणाऱ्याची ही परीक्षाच होती, आणि परीक्षक घरमालक.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अरंडेलला कला मनापासून आवडत होती. सगळ्यामागे प्रतिष्ठेचा हिशेब पाहणे हा आपल्या काळाचा कोतेपणा नाही का? पुरावा म्हणून त्याची रेखाटने दाखवता येतात. लिओनार्दो, पार्मिजानिनो, होल्बाइन यांच्या रेखाटनांचे गठ्ठे त्याने जमवले. कागदाचे ते कपटे पेटीत राहत, भिंतीवर लागत नसत. दाराशी गाडी थांबवून आलेल्या पाहुण्यावर त्यांची छाप पडण्याचा संभव नव्हता. १६३६ मध्ये पवित्र रोमन सम्राटाकडे वकील म्हणून जाताना वाटेत कोलोनमध्ये त्याला वेन्सेस्लाउस होलार भेटला. त्याला त्याने बरोबर घेतले, पुढे लंडनला आणले आणि आपल्या संग्रहातल्या चीजांची छापचित्रे त्याच्याकडून करून घेतली. हे प्रेम नाही तर काय? प्रेमच आहे. पण रेखाटनांनी माझा मुद्दा मोडत नाही, उलट पक्का होतो. ज्या वस्तूवर जर नाही, सोने नाही, आकारही नाही, ती मौल्यवान मानायची तर पाहणाऱ्याला आधी काहीतरी माहीत असावे लागते. रेखाटन ही जाणकारांनी जाणकारांना दाखवायची चीज. आवड आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. एखाद्या समाजात ज्या गोष्टीला मान असतो ती गोष्ट माणसे खरोखरीच आवडून घेतात. शत्रूची साक्ष तर याहून स्पष्ट आहे. इतिहासकार क्लॅरेंडनला अरंडेल आवडत नसे. त्याचे म्हणणे असे की जमवलेल्या पुतळ्यांमुळे लोक या माणसाला विद्वान समजत, प्रत्यक्षात विद्येच्या नावाने शून्य होते. शून्य होते की नव्हते हा वाद बाजूला ठेवू. दगड पाहून लोक मालकाला विद्वान समजत, एवढे क्लॅरेंडनही मान्य करतो, आणि मला तेवढेच हवे आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नजर विकत मिळत नाही म्हणता, पण हे सगळे संग्रह केले कोणी? नोकरांनी, वकिलांनी, दलालांनी. सर डडली कार्लटन हा व्हेनिसमधला राजदूत. १६१५ मध्ये त्याने डॅनियल नाइस या व्यापाऱ्यामार्फत जेम्सच्या लाडक्या सॉमरसेटच्या अर्लसाठी चित्रे आणि पुतळे घेऊन जहाजात चढवले. माल पोचतो तो सॉमरसेट खुनाच्या आरोपात अडकलेला. चित्रे अरंडेलकडे वळली, पुतळे कार्लटनच्या गळ्यात पडले, आणि १६१८ मध्ये त्याने ते रुबेन्सला देऊन बदल्यात चित्रे घेतली. अरंडेलसाठी तुर्की मुलखात फिरला तो त्याचा घरचा पाद्री विल्यम पेटी. सामोसजवळ त्याचे जहाज बुडाले, कागदपत्रे गेली, हेर समजून तुर्कांनी कोठडीत टाकले. सुटल्यावर पठ्ठ्याने बुडालेले दगड पुन्हा वर काढण्याची खटपट केली. त्याच्यावर जळणारा आणि त्याचे कौतुकही करणारा माणूस म्हणजे कॉन्स्टँटिनोपलमधला राजदूत सर टॉमस रो. तिथल्या सुवर्णद्वारावरची शिल्पे उतरवून अरंडेल आणि बकिंगहॅम यांच्यात वाटायचा दोघांचा बेत शहरातल्या लोकांच्या विरोधामुळे फसला. हा रो आपल्याला परका नाही. त्याआधी तो सुरतेला उतरून, खानदेशातून बुऱ्हाणपूरमार्गे अजमेरला जहांगीर बादशहाच्या दरबारात गेला होता. तिथे १६१६ मध्ये त्याने एक इंग्रजी लघुचित्र दाखवले, तेव्हा बादशहाने पैज लावून आपल्या चित्रकाराकडून त्याच्या पाच नकला करवल्या आणि मेणबत्तीच्या उजेडात सहाही पुढे मांडून विचारले, तुझे कोणते ते सांग. रोला ते ओळखायला चांगलाच घाम फुटला. एकाच चेहऱ्यात डोळे एकाने आणि भिवया दुसऱ्याने काढल्या असतील तर तेही आपण सांगू शकतो, अशी जहांगीरची स्वतःबद्दलची नोंद प्रसिद्ध आहे. पारख ही सत्ताधाऱ्याची खूण असू शकते हे लंडनच्या उमरावांनी शोधून काढलेले नव्हते. तिथे ते उशिराच पोचले.

आक्षेपाचे उत्तर देताना मात्र मला एक पाऊल मागे घ्यावे लागते. नजर भाड्याने मिळत होती हे खरे. पण भाड्याने घेतलेली नजर कोणाची चांगली हे ठरवायलाही नजर लागते, आणि पेटीला पाठवलेल्या सूचना, पेटीने लिहिलेली पत्रे वाचली की मालक आणि नोकर यांच्यातला सततचा संवाद दिसतो. पेटीने जमवलेल्या मालातला सर्वांत मोलाचा दगड पारोस बेटावरचा ग्रीक कालगणनेचा शिलालेख. तो आधी पेरेस्क या फ्रेंच विद्वानाच्या माणसाने मिळवला होता. तो माणूस स्मर्नात तुरुंगात पडला आणि पेटीने जास्त पैसे मोजून दगड उचलला. १६२७ मध्ये तो लंडनला आला. अर्लने विद्वानांना बोलावले, जॉन सेल्डेनने लेख वाचून १६२८ मध्ये पुस्तक छापले, आणि अरंडेलचे नाव ज्या युरोपात त्याच्या वंशावळीला कोणी विचारत नव्हते तिथल्या अभ्यासिकांत पोचले. दुसऱ्यांच्या देशातले दगड उचलून नेण्याचा प्रश्नही इथेच उभा राहतो. फर्मान, लाच, रेटारेटी, सगळे त्यात होते. आणि त्या काळच्या पत्रांत याबद्दल अपराधाचा लवलेशही नाही. या सवयीचा पुढचा अध्याय आपल्या दाराशी घडला: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घारापुरीच्या लेण्यांतून नेलेला एक शिल्पखंड चार्ल्स टाउनली या संग्राहकाच्या लंडनमधल्या घरी गेला आणि तिथून ब्रिटिश संग्रहालयात.

तिसरा आक्षेप बकिंगहॅमच्या ड्यूकचा. जॉर्ज व्हिलियर्स हा लेस्टरशायरमधल्या साध्या घरातला देखणा तरुण १६१४ मध्ये राजाच्या नजरेस पडला आणि नऊ वर्षांत ड्यूक झाला. अरंडेलच्या आजोबांच्या शिरच्छेदानंतर राजाच्या नात्यातला नसलेला इंग्लंडचा हा पहिलाच ड्यूक. अरंडेलला काय वाटले असेल ते सांगायला नको. पदव्यांचा बाजार याच्याच हाती होता, आणि संग्रहही याचाच प्रचंड. बाल्थझार गर्बिएर या चित्रकार-दलालाने १६२१ मध्ये व्हेनिसमधून तिशियनचे ‘एक्के होमो’ २७५ पौंडांना आणले. पुढे रुबेन्सचा स्वतःचा संग्रहच बकिंगहॅमने उचलला. किंमत १,००,००० फ्लोरिन सांगतात. पैशाने सगळे मिळते याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण मला हे उदाहरण उलट्या बाजूने दिसते. पदव्या विकणाऱ्यालाच त्यांची किंमत किती उतरली आहे हे सर्वांत आधी कळते. बकिंगहॅमकडे पदवी होती, सत्ता होती, पैसा होता, आणि तरी त्याच्या यॉर्क हाउसच्या भिंतींवर व्हेनिस लागलेच. त्याच ‘एक्के होमो’साठी अरंडेलने ७,००० पौंड देऊ केल्याची गोष्ट नंतर नोंदली गेली. आकडा खरा असो वा फुगवलेला, जुन्या घराण्याचा अर्ल नव्या ड्यूकच्या दारी चित्र मागायला येतो आणि ड्यूक नाही म्हणतो, हे दृश्य लोकांना सांगावेसे वाटले, यातच त्या चित्राचे काम झालेले दिसते. फरक एवढाच मान्य करतो की बकिंगहॅमची पारख उसनी होती. १६२८ मध्ये पोर्ट्समथला त्याचा खून झाला आणि त्याच्या संग्रहातून एकही पुस्तक, एकही अभ्यास निघाला नाही. अरंडेलच्या ग्रंथपालाने, फ्रान्सिस्कस जुनियसने, प्राचीनांच्या चित्रकलेवर १६३७ मध्ये लिहिलेला लॅटिन ग्रंथ युरोपभर वाचला गेला.

राजाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्याच्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. चार्ल्सने १६२३ मध्ये माद्रिदला जाऊन स्पेनचे तिशियन पाहिले आणि त्याला वेड लागले. १६२७-२८ मध्ये मांतुआच्या गोंझागांचा संग्रह त्याने घेतला. सुमारे १८,००० पौंडांची ही खरेदी, आणि तीही फ्रान्सशी युद्ध चालू असताना सैन्याला पैसा पुरत नसताना. हुंड्या वटवणारा सावकार बर्लामाकी कपाळाला हात लावून बसला. उधळपट्टीचा ठपका त्याच्यावर तेव्हाही होता आणि तो रास्त आहे. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे राजा दरबाऱ्यांच्या बरोबरीने या खेळात उतरला. होल्बाइनच्या रेखाटनांची वही त्याने पेम्ब्रोकच्या अर्लला दिली आणि बदल्यात राफाएलचे छोटेसे ‘सेंट जॉर्ज’ घेतले. पेम्ब्रोकने वही लगेच अरंडेलला देऊन टाकली. ना पैसा, ना पदवी. तिघांनी तिघांची नजर मान्य केली. अशी अदलाबदल ज्यांना जमत होती तेवढेच खरे उमराव, असा न लिहिलेला नियम त्यातून तयार होत होता.

धर्माचा मुद्दा टाळता येणार नाही. सोळाव्या शतकात याच देशाने चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, भिंतींवरची चित्रे चुन्याने पांढरी केली. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांत मरियम आणि ख्रिस्ताची चित्रे उमरावांच्या घरी लागतात हे कसे? काहींनी यात छुपा कॅथलिक धर्म पाहिला. अरंडेल तर जन्माने कॅथलिकच, १६१५ च्या नाताळात तो अँग्लिकन झाला. पण बकिंगहॅमला ही शंका लागू पडत नाही. पारखीच्या भाषेने इथे एक सोय करून दिली होती. चित्राला ‘तिशियन’ म्हटले की त्यातला ख्रिस्त मागे सरतो. प्युरिटनांना ही सोय मान्य नव्हती: १६४५ मध्ये पार्लमेंटने यॉर्क हाउसमधली ख्रिस्ताची आणि मरियमेची चित्रे जाळण्याचा हुकूम काढला. तरीही ‘एक्के होमो’ शाबूत राहिले आणि आज व्हिएन्नाला आहे. जाळण्याच्या हुकुमापेक्षा चित्रकाराचे नाव भारी पडले, आणि यादवी युद्धासाठी पैसा हवा असणाऱ्यांनाही ते नाव कळत होते.

शेवट सर्वांचाच वाईट झाला. स्कॉटिश उमराव हॅमिल्टनने मेव्हण्यामार्फत व्हेनिसमधले संग्रहच्या संग्रह घेतले होते. १६४९ च्या मार्चमध्ये त्याचाही शिरच्छेद झाला आणि जॉर्जोनेच्या ‘तीन तत्त्वज्ञां’सह त्याची चित्रे ब्रुसेल्सच्या आर्चड्यूकने घेतली. राजाची चित्रे देणेकऱ्यांना वाटली गेली. राजवाड्याचे नळ सांभाळणाऱ्या जॉन एम्ब्री या प्लंबरला थकलेल्या बिलापोटी बासानोचे महापुराचे चित्र मिळाले. अरंडेल १६४२ मध्ये देश सोडून गेला आणि १६४६ मध्ये पादुआला वारला. अलेथिया १६५४ मध्ये ॲम्स्टरडॅमला वारली, तोवर चित्रे तिच्याजवळ होती. तिच्या पैशावर आणि बऱ्याच अंशी तिच्याच निवडीवर उभा राहिलेला संग्रह मुलांच्या भांडणात फुटला. तिच्याविषयी आजवरच्या लेखकांनी फार कमी लिहिले, आणि या ग्रंथात ती उणीव थोडी भरून निघाली आहे. वाचकाला एवढेच सुचवतो की पुढच्या प्रकरणांतल्या याद्या वाचताना किमतीच्या रकान्याबरोबर चित्रकाराच्या नावाचा रकानाही पाहावा. लम्लीच्या यादीत तो बहुधा रिकामा आहे, अरंडेलच्या यादीत भरलेला.

लंडनच्या बागेत बेवारस पडलेले अरंडेलचे शिलालेख जॉन एव्हलिनच्या आग्रहावरून त्याच्या नातवाने १६६७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिले. पारोसच्या शिलालेखाचा वरचा भाग त्यांत नव्हता. यादवी युद्धाच्या काळात अरंडेल हाउसमधल्या एका शेगडीची डागडुजी करताना कोणीतरी तो वापरून टाकला होता. खालचा भाग आज ॲशमोलियन संग्रहालयात आहे. वरच्या ओळींसाठी अभ्यासकांना अजूनही सेल्डेनचे १६२८ चे पुस्तकच उघडावे लागते.